बोरगावच्या लेथवर श्वासाचे यंत्र

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेर मागे पडते, राज्याची हद्द ओलांडली जाते आणि थोड्याच वेळात बोरगावचे औद्योगिक क्षेत्र लागते. पाट्या हिंदीत, बोलणे मराठीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी घरातली भाषा आहे तीच आहे. रेमंडचा कापड कारखाना इथलाच. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, जवळच मँगनीजच्या खाणी. समुद्र मात्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. अशा ठिकाणी बसून पाण्याखाली श्वास घेण्याच्या यंत्राविषयी, तेही घरी बनवलेल्या यंत्राविषयी, वाद घालण्यात काय हशील? हशील आहे. हे यंत्र वाढले ते दोन घरांत: एक समुद्र, दुसरी कोळशाची खाण. आणि पेंच-कन्हान खोऱ्यातल्या परासियाच्या कोळसा खाणी बोरगावपासून शंभरेक किलोमीटरच्या आतबाहेर आहेत.

या यंत्राला रीब्रीदर म्हणतात. त्याची गरज का पडली, ते साध्या हिशेबाने कळते. नेहमीच्या स्कूबात पाणबुडा पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा ओढतो आणि सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वर जातो. पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्याने ८० लिटर लागते. १२ लिटरचे सिलिंडर २०० बार दाबाने भरले तर त्यात २,४०० लिटर हवा मावते, म्हणजे त्या खोलीवर जेमतेम अर्धा तास. त्यातूनच परतीसाठीही राखून ठेवायची. आणि एवढी हवा जाते कुठे? आपण आत घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर सोडतो त्यात अजून १६ टक्के शिल्लक असतो. शरीराला काम करताना मिनिटाला लिटर-सव्वा लिटर ऑक्सिजन पुरतो, मग माणूस पाण्यावर असो की पन्नास मीटर खाली.

रीब्रीदर हा शिल्लक ऑक्सिजन वाया जाऊ देत नाही. तोंडात धरायच्या तोटीला दोन नळ्या, त्यांना जोडलेल्या श्वासाच्या पिशव्या, वाटेत सोडा लाइमने भरलेला डबा, एक छोटे ऑक्सिजनचे सिलिंडर आणि खोलीसाठी हवेचे किंवा हेलियम मिसळलेल्या वायूचे दुसरे. सोडलेला श्वास डब्यातून जातो, सोडा लाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, शरीराने वापरला तेवढा ऑक्सिजन पुन्हा भरला जातो आणि तीच हवा परत छातीत येते. ३ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने ६०० लिटर ऑक्सिजन मावतो. नुसता ऑक्सिजनचा हिशेब धरला तर तो आठ-दहा तास पुरावा. सोडा लाइम त्याच्या कितीतरी आधी थकते. शिवाय बुडबुडे नाहीत, आवाज नाही.

बोरगावसारख्या ठिकाणी असे यंत्र बनवणे अशक्य आहे का? मुळीच नाही. डब्यासाठी प्लास्टिकचा जाड रॉड लेथवर कोरायचा, झाकणाला ओ-रिंगची खाच पाडायची, पितळी फिटिंग बसवायचे, नळ्या क्लॅम्पने आवळायच्या: चांगला टर्नर आणि चांगला फिटर हे सगळे करतो. कापड गिरणीत आणि खाणीत मशीन चालू ठेवणारे हात त्याहून अवघड कामे रोज करतात. अवघड आहे ते वेगळेच. आपण या क्षणी नेमके काय श्वासात घेतो आहोत, हे कळणे अवघड आहे. रीब्रीदरचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. बोरगावच्या हातांनी या यंत्राचा कोणता भाग आधी बनवावा याचे उत्तरही तिथेच मिळते.

घरगुती म्हणजे कच्चे, असा एक समज आहे. रीब्रीदरच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण हे यंत्र जन्मले तेच एकेकट्या माणसांच्या हातून. १८७८-७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फ्ल्यूस नावाच्या व्यापारी जहाजावरच्या तरुण अधिकाऱ्याने पहिले चालणारे उपकरण केले. रबरी मुखवटा, श्वासाची पिशवी, तांब्याची ऑक्सिजनची टाकी आणि कार्बन डायऑक्साइड शोषायला कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोराचा काथ्या. चाचणी त्याने स्वतःवरच केली. आधी पाण्याच्या टाकीत बसला, मग खुल्या पाण्यात उतरला, आणि तिथे ऑक्सिजनचा कॉक बंद करून काय होते ते पाहिले. बेशुद्ध झाला, दोराला बांधलेला होता म्हणून वर ओढता आला.

१८७९ मध्ये सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात पाणी घुसले. दूरवरचे लोखंडी दार आणि झडप बंद केल्याशिवाय पाणी उपसता येत नव्हते. साध्या पाणबुड्याची हवेची लांब नळी मलब्यात अडकायची. १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुडा फ्ल्यूसचे उपकरण लावून काळोखात, बुडालेल्या बोगद्यातून सुमारे तीनशे मीटर आत गेला आणि पुन्हा एकदा जाऊन काम पुरे करून आला. त्याच सुमारास सीहॅमच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, आणि त्यानंतर तेच उपकरण खाणीच्या विषारी हवेत उतरले. पाणी आणि खाण ही दोन्ही घरे यंत्राला पहिल्या दोन-तीन वर्षांतच मिळाली. पुढे सीबे गोर्मन कंपनीने त्यातून ‘प्रोटो’ नावाचे खाण-बचाव उपकरण घडवले, आणि अनेक दशके जगभरच्या बचाव पथकांच्या छातीवर त्याचीच पिशवी लटकत राहिली.

पुढची उदाहरणेही अशीच आहेत. १९३९ च्या सुमारास फ्रेंच नौदलातला तरुण अधिकारी जाक कुस्तो याने आपल्या जहाजावरच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ऑक्सिजनचे उपकरण करून घेतले: गॅस मास्कचा डबा, ऑक्सिजनची छोटी बाटली, रबरी ट्यूब. जवळपास १४ मीटर खोलीवर त्याला आचके आले. उपकरण सुधारून तो पुन्हा उतरला, पुन्हा आचके आले. अमेरिकेत ख्रिश्चन लॅम्बर्टसन वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच भूल देण्याच्या यंत्राचे भाग जोडून रीब्रीदर बनवू लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुडे ते वापरू लागले. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात गॉर्डन स्मिथ यांनी आधी स्वतःसाठी एक साधे यंत्र केले आणि ते ‘किस’ या नावाने जगभर गेले. ब्रिटनमधला गुहा-पाणबुडा रिक स्टँटन, पेशाने अग्निशामक, कडेला बांधायचे रीब्रीदर स्वतःच बनवत असे. अशी यंत्रे घेऊन तो आणि त्याचे साथी २०१० मध्ये स्पेनमधल्या पोझो अझूल या बुडालेल्या गुहेत पावणेनऊ किलोमीटरच्या पुढे गेले.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक हाच स्टँटन. त्याच गुहेतले पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सचे महाराष्ट्रातले इंजिनीयर होते, हे मराठी वाचकाला आठवत असेल. स्टँटनच्या कारागिरीइतकाच त्याचा विवेकही तिथे दिसला. घरी रीब्रीदर बनवण्यात ज्याची हयात गेली, त्याने मुलांना बाहेर काढताना साधी सिलिंडरची पद्धत निवडली. अरुंद, गढूळ, वळणावळणांच्या वाटेत बेशुद्ध मूल घेऊन पोहायचे, तर ज्यात बिघडण्यासारखे कमी तेच साधन बरे. आपल्या हातच्या वस्तूवर इतका जीव असूनही ती कुठे वापरू नये हे ज्याला कळते, तो खरा कारागीर.

आता धोक्याकडे. रीब्रीदरमध्ये माणूस तीन प्रकारे मरतो.

पहिला प्रकार ऑक्सिजन कमी पडण्याचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. रीब्रीदर तर कार्बन डायऑक्साइड काढूनच टाकतो. त्यामुळे ऑक्सिजन घसरला तरी धाप लागत नाही, जीव घाबरा होत नाही. डोके हलके वाटते आणि माणूस जातो. यात वर येणे हाच सर्वांत घातक भाग. समजा २० मीटरवर यंत्रातल्या हवेत १० टक्केच ऑक्सिजन उरला. तिथे दाब तिप्पट, म्हणून शरीराला तो पुरेसा वाटतो, साध्या हवेपेक्षाही भरपूर. पाणबुडा निर्धास्तपणे वर येऊ लागतो. पृष्ठभागाशी पोहोचतो तेव्हा त्याच दहा टक्क्यांवर शुद्ध हरपते, सूर्यप्रकाश दिसत असताना.

दुसरा प्रकार ऑक्सिजन जास्त होण्याचा. कुस्तोला आलेले आचके हेच. ऑक्सिजनचा दाब साधारण १.४ ते १.६ बारच्या वर गेला की मेंदू केव्हाही झटका देऊ शकतो. शुद्ध ऑक्सिजनवर ही वेळ अवघ्या सहा मीटरवर येते. या विषयावर ज्यांनी स्वतःचे शरीर झिजवले त्यांत ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन पुढे होते. १ जून १९३९ रोजी ब्रिटनची ‘थेटिस’ पाणबुडी बुडाली, ९९ माणसे गेली. त्यानंतर हॉल्डेन काही साथीदारांसह पोलादी कोठीत तासन् तास कोंडून बसले, विटत जाणाऱ्या हवेने माणसाचे काय होते हे पाहायला. ऑक्सिजनच्या एका झटक्यात त्यांच्या पाठीचे मणके दबले. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन स्फोट झालेल्या कोळसा खाणींत उतरून मृत्यूंची कारणे शोधत. खाणीत पिवळा कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांचीच, आणि पाणबुड्यांनी किती थांबत थांबत वर यावे याचे १९०८ चे तक्तेही त्यांचेच. बापलेकांच्या कामात खाण आणि समुद्र एकमेकांना चिकटूनच आहेत. धाकटे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

तिसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडचा, आणि तो सोडा लाइमच्या डब्यात लपलेला असतो. पांढऱ्या, भरड मिठासारख्या दाण्यांचा हा डबा भरणे हे जवळून पाहण्यासारखे काम आहे. दाणे थोडे थोडे ओतायचे, दर वेळी डब्याला तळहाताने चौफेर टिचक्या मारायच्या, दाणे बसले की पुन्हा ओतायचे. घाईने भरले तर आत एखादी सैल वाट राहते. हवा सोपी वाट शोधते. ती त्या सैल भागातून निघून जाते आणि बाकीचा डबा कोरडा राहिल्यासारखा निकामी होतो. वर झाकणाची ओ-रिंग. तिच्यावर केसाएवढा तंतू किंवा सोडा लाइमचा एक दाणा राहिला तरी पाणी आत येते, आणि पाणी सोडा लाइमला लागले की झोंबणारा क्षारी घोट थेट घशात. सोडा लाइम किती उरले हे दाखवणारे भरवशाचे मीटर आजही दुर्मीळ आहे; बहुतेक पाणबुडे घड्याळावर विसंबतात.

हे सगळे कारखान्यातल्या यंत्रालाही लागू आहे का? आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी २०१३ मध्ये १९९८ ते २०१० या काळातल्या रीब्रीदर मृत्यूंचा अभ्यास छापला. हौशी पाणबुड्यांचे १८१ मृत्यू त्यांना नोंदलेले सापडले, आणि साध्या स्कूबाच्या मानाने धोका सुमारे दहापट असल्याचा त्यांचा अंदाज होता. एका ब्रँडचे यंत्र दुसऱ्यापेक्षा ठळकपणे अधिक जीवघेणे, असे त्यांना दिसले नाही. म्हणजे पेटीवर कंपनीचे नाव असले की माणूस सुरक्षित, हा दिलासा खोटा आहे. १९६८ मध्ये वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी इलेक्ट्रॉनिक्सने चालणारा ‘इलेक्ट्रोलंग’ विकायला आणला, तो काळाच्या पुढचा होता. तरी काही मृत्यूंनंतर लवकरच बाजारातून गेला. कारखाना आणि घर यांच्यातली भिंत समजतो तेवढी जाड नाही. जाड भिंत आहे ती मोजणारे आणि न मोजणारे यांच्यात.

मोजणारा भाग म्हणजे ऑक्सिजनचा सेल. अंगठ्याच्या दोन पेराएवढी वस्तू: आत शिशाचा ध्रुव, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि तोंडाशी पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन शिरला की शिसे हळूहळू झिजते आणि काही मिलिव्होल्ट वीज तयार होते. साध्या हवेत समजा १० मिलिव्होल्ट दाखवले, तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याच्या पावणेपाचपट दाखवायला हवेत. शिसे झिजते म्हणजेच सेल म्हातारा होतो. वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो. म्हातारपण त्याच्या वागण्यात उमटते. हवेत ठेवला तर बरोबर बोलतो, पण ऑक्सिजन फार वाढला की त्याचा आवाज वर चढत नाही, ४५-५० मिलिव्होल्टशी अडकतो. यंत्राला वाटते ऑक्सिजन कमी आहे, ते आणखी सोडते.

यावर तोडगा म्हणून रीब्रीदरमध्ये तीन सेल लावतात आणि दोघांचे जुळेल ते खरे धरतात. पण तिन्ही सेल एकाच दिवशी विकत घेतलेले, एकाच दमट हवेत राबलेले असतील, तर दोन म्हातारे मिळून एका खऱ्याला बहुमताने खोटे पाडतात. म्हणून जाणकार पाणबुडे तिन्ही सेल एकाच वेळी बदलत नाहीत, प्रत्येकावर तारीख लिहितात, आणि शंका आली की ज्ञात वायूचा फुसकारा सेलवर सोडून पडताळतात. गॉर्डन स्मिथ यांच्या ‘किस’ यंत्राचे यशही यातच होते. त्यात ऑक्सिजन भरणारी झडप शरीराच्या गरजेहून थोडा कमी वायू सतत सोडते, उरलेला पाणबुड्याने बटण दाबून भरायचा. त्यामुळे त्याला मीटरकडे वारंवार पाहावेच लागते. यंत्राने माणसाला झोपू दिले नाही.

मोजण्याच्या बाबतीत खाणीचे बचाव पथक समुद्रातल्या हौशी पाणबुड्याच्या कितीतरी पुढे आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे बचाव केंद्र नागपूरला आहे आणि परासियाला त्याची शाखा. तिथल्या जवानांच्या पाठीवर असते ते उपकरणही रीब्रीदरच: चार तास चालणारे, पंधरा किलोच्या आसपासचे, ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर, शोषक डबा आणि श्वासाची पिशवी असलेले. जमिनीखाली उतरणाऱ्या साध्या खाण कामगाराच्या कमरेला असतो तो सेल्फ-रेस्क्युअर. त्याच्या ऑक्सिजन देणाऱ्या प्रकारात पोटॅशियम सुपरऑक्साइड सोडलेल्या श्वासातूनच ऑक्सिजन तयार करते. म्हणजे या पट्ट्यातल्या कित्येक घरांतला बाप किंवा काका रोज छोटा रीब्रीदर कमरेला लावून ड्यूटीवर जातो. घरात त्याचे नाव कोणी काढत नाही, एवढेच.

बचाव पथकाची शिस्त अशी. पाच-सहा जण एकत्र आत जातात, एकटा कोणी जात नाही. जाण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाची गळती तपासली जाते. मागे स्वच्छ हवेच्या तळावर दुसरे पथक सज्ज असते. आत गेल्यावर पथकप्रमुख ठरावीक वेळाने प्रत्येकाचा सिलिंडरचा दाब वाचतो, आणि ज्याचा सर्वांत कमी त्याच्यावरून सगळ्यांची परतीची वेळ ठरते. धष्टपुष्ट माणसाच्या सिलिंडरकडे पाहून नव्हे. ही शिस्त कोणी पुस्तकात बसून शोधलेली नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ माणसे गेली. १८ नोव्हेंबर १९७५ ला नागपूरजवळच्या सिल्लेवाड्यात तेच घडले. अशा दिवसांनी ती शिकवली आहे.

पाण्याने भरलेली खाण हे तर आजही देशाचे उघडे दुखणे आहे. मेघालयातल्या कसानच्या खाणीत डिसेंबर २०१८ मध्ये, आसामच्या उमरांग्सोत जानेवारी २०२५ मध्ये नौदलाचे पाणबुडे उतरले, तेव्हा फ्ल्यूस आणि लॅम्बर्ट यांचे काम दीडशे वर्षांनी नव्याने समोर उभे होते. रीब्रीदरची खरी जागा तिथे आहे, किंवा विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत पसरलेल्या आंग्रिया बँकेच्या प्रवाळांवर. मालवणच्या उथळ पाण्यात मासे पाहायला घरी रीब्रीदर बनवावा, याला मात्र काही अर्थ नाही. तारकर्लीच्या संस्थेत शिकून साध्या सिलिंडरने ते उत्तम पाहता येतात.

मग बोरगावने काय बनवावे? उत्तर समुद्रात नाही, विहिरीत आहे.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीत बायोगॅसची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला, तो परत आला नाही. त्याला काढायला दुसरा. असे पाच जण गेले. एक जण वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून वरच्यांना त्याला ओढता आले. एप्रिल २०२५ मध्ये खंडवा जिल्ह्यातल्या कोंडावतला गणगौरच्या विसर्जनासाठी विहिरीचा गाळ काढायला माणसे उतरली आणि आठ जण गेले. खंडवा आणि पांढुर्णा एकाच राज्यात आहेत, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रा बागांत विहिरींना तोटा नाही. फ्ल्यूसने कॉक बंद करून जे अनुभवले, तेच या माणसांना भोगावे लागले. फरक इतकाच की फ्ल्यूस दोराला बांधलेला होता.

गावाकडे विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. ती शहाणपणाची आहे. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते आणि माणूस त्याच्या खाली कोसळतो, म्हणजे कंदील आधी सांगतो. पण कंदील अर्धेच सांगतो. शेणाच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर ऑक्सिजन भरपूर असतानाही माणूस दोन श्वासांत पडतो आणि ज्योत छान जळत राहते. मिथेन असेल तर तोच कंदील स्फोट करतो. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब आणखी फसवा आहे. विहिरीतल्या हवेत तो बाहेरून येऊन दहा टक्के भरला, तर ऑक्सिजन २१ वरून १९ च्या जरा खालीच येतो. कंदील जळतो, माणूस मात्र बेशुद्ध होतो. म्हणून कोळसा खाणीच्या नियमांत हवेत ऑक्सिजन किमान १९ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त अर्धा टक्का अशी दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. खाणीला जे कळले ते विहिरीपर्यंत पोहोचलेले नाही.

घरी रीब्रीदर बनवणारे लोक सहसा पहिली वस्तू बनवतात ती ऑक्सिजन मोजण्याची पेटी: एक सेल, एक मिलिव्होल्टमीटर, एक वायर. बोरगावच्या कारागिरांनी याच पेटीपासून सुरुवात करावी, आणि बहुधा तिथेच थांबावे. सेल दोराने विहिरीत सोडायचा, वर आकडा वाचायचा. सोबत हायड्रोजन सल्फाइडचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर जोडायचा. मिथेनचा संशय असेल तिथे ठिणगी न पडणारे, प्रमाणित सेन्सरच हवेत. तिथे घरगुती जोडकाम नको.

यावर रास्त आक्षेप असा की चार वायू मोजणारी तयार मीटरे बाजारात मिळतात, कारखान्यांत आणि खाणींत ती असतातच, मग बनवायची कशाला? कारण सेल मरतो. ग्रामपंचायतीने मीटर घेतले आणि कपाटात ठेवले, तर दोन वर्षांनी ते म्हातारे सेल घेऊन विहिरीवर जाईल, खोटे बोलेल, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून कोणी उतरेल. म्हातारे मीटर मीटर नसण्यापेक्षा वाईट. ते उघडणारा, सेलवरची तारीख वाचणारा, बाहेरच्या मोकळ्या हवेत २०.९ वर आणून तपासणारा माणूस गावाजवळ हवा. असा माणूस ती वस्तू एकदा स्वतःच्या हाताने बनवल्याशिवाय तयार होत नाही. घरी बनवण्याचा खरा फायदा इथे आहे: त्यातून मिळतो बिघाड ओळखणारा माणूस.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मोजण्याची पेटी हातात आली की कोणीतरी हौसेने पुढची पायरी चढेल, पिशवी आणि डबा जोडून विहिरीत किंवा तलावात उतरेल. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच हे काम बचाव केंद्राच्या नजरेखाली व्हावे. ज्याने परासियात पाठीवर उपकरण बांधून चार-चार तास सराव केला आहे, असा निवृत्त जवान आयटीआयच्या मुलांसमोर उभा राहिला आणि गळती कशी तपासतात, दाब कसा वाचतात, एकटे का उतरत नाहीत हे दाखवले, तर ती हौस दबणार नाही. तिला रस्ता मिळेल. त्यातला एखादा मुलगा पुढे खरोखर रीब्रीदर बनवील. बनवू दे. त्याच्या हातात तोवर तारीख लिहिलेले तीन सेल असतील आणि कमरेला दोर असेल.

वेस्टर्न कोलफील्ड्सने, पांढुर्णा जिल्हा प्रशासनाने आणि बोरगावच्या कारखानदारांनी एवढे एकत्र येऊन करावे: या भागातल्या आयटीआयत वायू मोजण्याचा छोटा अभ्यासक्रम, आणि प्रत्येक मोठ्या गावात एक तपासलेले मीटर, ते सांभाळणाऱ्याच्या नावासकट. तोवर वाचकांना एकच विनंती. विहिरीत किंवा बायोगॅसच्या टाकीत कोणी पडला आणि हाक दिल्यावर ओ देईनासा झाला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. ११२ ला फोन करा, वरून दोर आणि गळ टाका, आणि श्वासाचे उपकरण घेऊन कोणी येईपर्यंत दुसऱ्या कोणालाही खाली उतरू देऊ नका.